पावसाळ्यात बंद पडणारे रेडिओ केंद्र आणि देखभालीच्या नावाखाली झालेली फसवणूक

मुंबईच्या पूर्व उपनगरात आमची शैक्षणिक संस्था एक छोटे सामुदायिक रेडिओ केंद्र चालवते आणि त्याच्या तांत्रिक खर्चावर लक्ष ठेवण्याचे काम व्यवस्थापन समितीने माझ्याकडे दिलेले आहे. गेल्या पावसाळ्यात हे केंद्र वारंवार बंद पडत राहिले आणि वार्षिक देखभालीच्या आणि ते सुरू करून देण्याच्या नावाखाली एका देखभाल कंत्राटदाराने संस्थेकडून १ लाख १४ हजार रुपये उकळले. प्रकरण वकिलांकडे असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही. त्याची पद्धत मात्र सविस्तर सांगतो, कारण कोणत्याही लहान केंद्रावर ती जशीच्या तशी चालून जाईल.

ती चालून जाते याचे कारण अशा केंद्रांच्या रचनेतच आहे. २००६ च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओची परवानगी मिळू लागली. प्रभावी प्रक्षेपणशक्ती साधारणपणे १०० वॅटपर्यंत आणि अँटेनाची उंची जमिनीपासून ३० मीटरपर्यंत, अशा तिच्या मर्यादा आहेत. एवढ्याशा केंद्राला पूर्णवेळ अभियंता परवडत नाही. कार्यक्रम करणारी मुले ध्वनिमुद्रण आणि संकलन उत्तम जाणतात, पण ट्रान्समीटरच्या, म्हणजे प्रक्षेपण करणाऱ्या यंत्राच्या, पेटीवरचा एखादा लाल दिवा लागला की सगळ्यांचे हात थांबतात, आणि मग जो माणूस आत्मविश्वासाने पेटी उघडतो त्याचे म्हणणे खरे मानले जाते.

आमचा ट्रान्समीटर ५० वॅटचा असून अँटेना शक्ती ठरावीक दिशांना एकवटते त्यामुळे प्रत्यक्ष परिणाम परवानगीच्या मर्यादेपर्यंत पोहोचतो. जूनअखेरच्या पहिल्या मोठ्या सरींनंतर प्रक्षेपण क्षीण होऊ लागले. दोन गल्ल्या पलीकडे खरखर आणि कधी कधी पूर्ण शांतता. दुपारी ऊन पडले की आवाज आपोआप सुधारत असे. या कंत्राटदाराशी आम्ही वर्षाच्या देखभालीचा करार केलेला होता आणि त्याचे ३६ हजार रुपये आगाऊ दिलेले होते. त्याने येऊन पेटी उघडली, आतल्या एका प्रीसेटला, म्हणजे एकदा जुळवून ठेवायच्या बटणाला, स्क्रूड्रायव्हर लावला, मीटरवरची शक्ती पूर्ण दिसू लागली आणि ‘पॉवर अ‍ॅम्प्लिफायर कमजोर झाला आहे, लवकरच जाईल’ असे भाकीत करून तो निघून गेला.

त्याने काय फिरवले ते पुढे कळले. ट्रान्समीटरमधून अँटेनाकडे गेलेल्या शक्तीचा काही भाग नेहमीच परत येतो. सर्व जोडण्या ठीक असतील तर तो नगण्य असतो. केबल किंवा अँटेना बिघडली की तो वाढतो: स्टँडिंग वेव्ह रेशो, म्हणजे परत येणाऱ्या शक्तीचे प्रमाण दाखवणारा आकडा, दीड असेल तर सुमारे ४ टक्के शक्ती परत येते, दोन झाला तर सुमारे ११ टक्के आणि तीन झाला तर २५ टक्के. परत आलेली ही शक्ती अ‍ॅम्प्लिफायरमधल्या ट्रान्झिस्टरला घातक असते, म्हणून ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की ट्रान्समीटर स्वतःहून आपली शक्ती कमी करतो किंवा बंद होतो. आमचा ट्रान्समीटर पावसात नेमके तेच करत होता; म्हणजे तो बिघडलेला नव्हता, स्वतःला वाचवत होता. कंत्राटदाराने संरक्षणाची ती मर्यादाच इतकी वर नेऊन ठेवली की ट्रान्समीटर कशालाही न जुमानता पूर्ण शक्तीने चालत राहिला. पुढच्या जोराच्या पावसात ट्रान्झिस्टर खरोखर जळाला आणि भाकीत खरे ठरले. आपणच घडवलेल्या बिघाडाचे भविष्य आधी सांगून ठेवणे ही या फसवणुकीतली सर्वांत हुशारीची बाब होती, कारण त्यामुळे समितीचा त्याच्यावरचा विश्वास उलट वाढला.

त्यानंतर त्याने भीती घातली, आणि त्यासाठी खोटा नियम सांगावा लागला नाही. सुरू झालेले केंद्र तीन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिल्यास परवानगी रद्द होऊ शकते, ही तरतूद धोरणात खरोखर आहे. ती दाखवून त्याने सांगितले की मूळ उत्पादकाकडून सुटा भाग यायला चार महिने लागतील, परंतु आपल्याकडे अ‍ॅम्प्लिफायरचा एक नवा जोडसंच, म्हणजे मॉड्यूल, तयार आहे आणि जुने बदल्यात दिले तर ते ७८ हजारांत बसवून देता येईल. रक्कम फर्मच्या खात्यात न घेता ‘लेखापरीक्षणाची अडचण आहे’ म्हणून एका वैयक्तिक खात्यावर मागितली गेली. पावतीवर जीएसटी क्रमांक होता; संकेतस्थळावर तो कोणालाही तपासता येतो, आणि आमच्या लेखापालांनी वर्षअखेरीचे काम करताना तपासला तेव्हा ती नोंदणी पूर्वीच रद्द झालेली असल्याचे दिसले.

‘नवे’ मॉड्यूल बसले, काही दिवस केंद्र चालले आणि ऑगस्टमधल्या मुसळधार पावसात पुन्हा खरखर सुरू झाली. आता त्याचे म्हणणे असे पडले की संपूर्ण अँटेना बदलावी लागेल आणि त्याला १ लाख ४० हजार रुपये लागतील. शिवाय ‘लॅमिंग्टन रोडवरून जास्त वॅटचा ट्रान्समीटर आणून देतो, कोणाला कळणार नाही’ असा प्रस्तावही त्याने ठेवला. परवानगीत नमूद असलेली शक्ती व अँटेना परस्पर बदलणे म्हणजे केंद्राचा परवाना आपल्या हातांनी धोक्यात घालणे आहे. या प्रस्तावामुळेच समितीतील एका सदस्याला शंका आली आणि त्यांनी आपल्या परिचयातील, आकाशवाणीतून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांना विनंती केली.

त्या गृहस्थांनी आल्यावर ट्रान्समीटर उघडलाच नाही. आधी त्यांनी ध्वनिमुद्रणे मागितली. प्रक्षेपित केलेले सर्व कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणे नियमाने बंधनकारक आहे आणि आमच्याकडे ते स्टुडिओतून न घेता बाहेर ठेवलेल्या एका साध्या रेडिओ संचातून मुद्रित होतात, त्यामुळे श्रोत्याला जे ऐकू आले तेच त्यात असते. प्रत्येक बिघाड पाऊस सुरू झाल्यावर थोड्याच वेळात आलेला आणि कोरड्या दुपारी निवळलेला त्यांना दिसला. बाजारातला कोणताही ट्रान्झिस्टर ऊन पडल्यावर बरा होत नाही, एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी अँटेनाची केबल काढून त्या जागी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी सगळी शक्ती शोषून घेणारा रोध, लावला. ट्रान्समीटर पूर्ण शक्तीने, परावर्तित शक्ती जवळजवळ शून्य ठेवून, शांतपणे चालत राहिला. म्हणजे दोष ट्रान्समीटरमध्ये नसून गच्चीवर होता. (डमी लोड किंवा अँटेना यांपैकी काहीच न जोडता ट्रान्समीटर कधीही चालू करू नये, हे त्यांनी मुलांना आवर्जून सांगितले.)

मास्टवर, म्हणजे अँटेनाच्या खांबावर, सुरक्षापट्टा बांधून चढलेल्या माणसाने अँटेनाजवळचा कनेक्टर उघडला तेव्हा त्यातून पाणी ठिबकले आणि आतले तांबे हिरवे पडलेले होते. ठाण्याच्या खाडीवरून येणारी खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांपुढे साधी चिकटपट्टी टिकत नाही. ओलावा केबलमध्ये जिथपर्यंत शिरला होता तेवढा तुकडा कापून टाकला, नवा कनेक्टर लावला, त्यावर स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळली आणि केबल कनेक्टरपाशी येण्याआधी तिला खालच्या बाजूने एक वळसा दिला, म्हणजे ओघळणारे पाणी त्या वळशावरूनच गळून पडते. या सगळ्याचा साहित्यखर्च दोन हजारांच्या आत बसला. संरक्षणाची मर्यादा मूळ जागी आणल्यावरही त्या पावसाळ्यात केंद्र पुन्हा बंद पडले नाही.

‘नवे’ मॉड्यूल मग बाहेर काढून पाहिले. ट्रान्झिस्टरवरचे क्रमांक घासून काढलेले होते, सोल्डरिंग दोनदा झालेले स्पष्ट दिसत होते आणि कंत्राटदाराच्या स्टिकरखाली दुसरे, अर्धवट फाटलेले स्टिकर होते. आमचे जुने मॉड्यूल ट्रान्झिस्टर बदलून आता आणखी कुठे ‘नवे’ म्हणून बसवले गेले असेल, असा आमचा कयास आहे.

सध्या आमच्याकडे ट्रान्समीटरशेजारी एक वही टांगलेली आहे. दररोज प्रक्षेपण सुरू करणारा विद्यार्थी पुढे जाणारी शक्ती, परत येणारी शक्ती, अ‍ॅम्प्लिफायरचा विद्युतप्रवाह, तापमान आणि मुख्य पुरवठ्याचा व्होल्टेज त्यात लिहितो, आणि त्यापुढे पाऊस होता की नव्हता तेही. परत येणारी शक्ती हळूहळू चढू लागली की दुरुस्ती पावसाआधी करता येते. ही एक ओळ पूर्वीपासून लिहिली जात असती तर कंत्राटदाराचे भाकीत समितीसमोर पहिल्याच दिवशी उघडे पडले असते. पंख्यांच्या जाळ्या दर आठवड्याला साफ होतात, मे महिन्यात मास्टवरील प्रत्येक जोडणी उघडून पाहिली जाते आणि अर्थिंगचा रोध मोजला जातो. यूपीएसच्या बॅटऱ्यांबाबत फार सांगण्यासारखे नाही, त्या वेळेवर बदलाव्यात. देखभालीच्या करारात आता असे कलम आहे की कोणताही महाग भाग बदलण्यापूर्वी डमी लोडवरची चाचणी आमच्या माणसासमोर होईल, आधीच्या व नंतरच्या नोंदींवर दोघांच्या सह्या होतील आणि काढलेला भाग अनुक्रमांकासह संस्थेकडेच राहील. कराराची रक्कम वर्षाची एकदम न देता तिमाहीने दिली जाते.

पोलीस ठाण्यात प्रथम हा दिवाणी वाद असल्याचे सांगण्यात आले. लेखी तक्रारीसोबत घासलेल्या क्रमांकांची छायाचित्रे, वैयक्तिक खात्यावर पैसे गेल्याचा बँकेचा उतारा, रद्द नोंदणीची प्रत आणि त्या अभियंत्यांचा सही केलेला अहवाल जोडल्यावर मात्र ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ म्हणजे फसवणुकीच्या अनुषंगाने स्वीकारली गेली. वकिलांच्या नोटिशीला आलेल्या उत्तरात कंत्राटदाराने जुने मॉड्यूल ‘भंगारात गेले’ असे म्हटले आहे. ते परत मिळेल अशी आशा नाही. मुंबई किंवा ठाणे परिसरातील एखाद्या केंद्राला या पावसाळ्यात बदल्यात मॉड्यूल देऊ केले गेले, तर पैसे देण्यापूर्वी स्टिकर नखाने उचलून पाहावे आणि ट्रान्झिस्टरवरचा क्रमांक वाचता येतो का, तेही पाहावे.