लॅपटॉपमधली ८० टक्क्यांची चार्जिंग मर्यादा: तीन वर्षं वापरून

मी अनुवादाचं काम करते. दिवसातले आठ-नऊ तास लॅपटॉप त्याच टेबलावर आणि त्याच प्लगला लावलेला असतो. अशा वापरात बॅटरीला काही त्रास होत नसेल असं मला वाटायचं. चार्जर लावलेलाच आहे, बॅटरी नुसती पडून आहे, मग झिजेल कशाला?

आधीच्या लॅपटॉपने हा समज मोडला. दोन वर्षं झाली असतील, एके दिवशी टचपॅड दाबलाच जाईना. कचरा अडकला असेल म्हणून मी तो ब्रशने साफ करत बसले. मग लॅपटॉप सरळ ठेवला तर तो टेबलावर डगमगायला लागला. खालचं झाकण मधोमध फुगलं होतं. दुरुस्तीवाल्याने स्क्रू काढले, तर आतली बॅटरीची चपटी पाकिटं उशीसारखी टम्म फुगलेली. एक तर टचपॅडला खालून टेकलं होतं. त्याने एवढंच विचारलं, "ताई, हा कायम चार्जिंगलाच असतो का?"

म्हणून नवीन लॅपटॉप घेताना मी प्रोसेसरच्या आधी एकच गोष्ट बघितली: चार्जिंग ठरावीक टक्क्यांवर थांबवता येतं का. आता त्या सोयीला तीन वर्षं झाली, तेव्हा हे परीक्षण त्या एका सोयीचं आहे, लॅपटॉपचं नाही.

सोय साधीच आहे. कंपनीच्या ॲपमध्ये बॅटरीच्या पानावर दोन आकडे द्यायचे: चार्जिंग कुठे थांबायचं आणि कुठे परत सुरू व्हायचं. मी ८० आणि ७५ दिलेत. दुसरा आकडा फार उपयोगाचा आहे. तो नसेल तर बॅटरी ७९ वर आली की लगेच ८० पर्यंत भर, परत ७९, परत ८०, अशी भुरभुर दिवसभर चालू राहते. ८० ला पोचल्यावर माझा लॅपटॉप थेट चार्जरवर चालतो आणि बॅटरी बाजूला पडते.

यात फायदा कसला, हे कळल्याशिवाय माझं समाधान होत नव्हतं. लिथियम-आयन बॅटरीची झीज दोन वाटांनी होते. एक वापराची, म्हणजे भरणं आणि रिकामं होणं. दुसरी नुसत्या वयाची. प्लगला लावलेल्या लॅपटॉपला ही दुसरीच खाते. बॅटरीतला प्रत्येक सेल, म्हणजे एकेक पाकीट, नेहमीच्या प्रकारचं असेल तर पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टवर असतो. इतक्या जास्त व्होल्टेजला आतला द्राव हळूहळू विघटित होत राहतो, त्यातून थोडा वायूही तयार होतो. सेलच्या ऋण बाजूच्या ग्राफाइटवर एक पातळ थर असतो, तो जाड होत जातो आणि प्रत्येक वेळी थोडं लिथियम कायमचं अडकवून ठेवतो. अडकलेलं लिथियम परत कामाला येत नाही. उष्णता असेल तर हे सगळं आणखी वेगाने. ८० टक्क्यांना व्होल्टेज ४ च्या आसपास उतरतं आणि ही रासायनिक क्रिया मंदावते. माझी जुनी बॅटरी पडून होती हे खरं, पण ती काठोकाठ भरून आणि गरम होऊन पडून होती.

आता मोजमाप. विंडोजमध्ये 'पॉवरसीएफजी' आज्ञेने बॅटरीचा अहवाल निघतो. त्यात कारखान्यातली क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता शेजारी-शेजारी छापलेली असते. माझा अहवाल दर सहा महिन्यांनी काढून ठेवते. मूळ आकडा ५७,००० मिलीवॉट-तास, परवाचा ५३,३९०. म्हणजे तीन वर्षांनी जवळपास ९४ टक्के शिल्लक. झाकण सपाट आहे, टचपॅड चारही कोपऱ्यांत नीट दाबला जातो. मी अजूनही दर रविवारी पुसताना लॅपटॉप टेबलावर ठेवून डगमगतो का ते बघते.

दादाने माझ्याबरोबरच हेच मॉडेल घेतलं. मर्यादा लाव म्हणून मी मागे लागले होते. तो म्हणाला, "अगं, पैसे शंभर टक्क्यांचे दिलेत, मग ऐंशीच का वापरू?" त्याच्या लॅपटॉपचा आकडा आता ४४,८०० आहे, म्हणजे ७९ टक्क्यांच्याही खाली. तुलना अगदी काटेकोर नाही हे मला मान्य आहे. तो गेम खेळतो, त्याचा लॅपटॉप माझ्यापेक्षा पुष्कळ तापतो. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यात आहे. मी रोज स्वतःहून २० टक्के सोडते आणि लागतील त्या दिवशी ते परत घेते. त्याचे २१ टक्के गेले ते गेलेच.

'लागतील त्या दिवशी' हे महत्त्वाचं. ॲपमध्ये 'या वेळेपुरतं पूर्ण भरा' असं बटण आहे. बाहेर दिवसभराचं काम असेल तर निघायच्या तासभर आधी ते दाबते. दुसऱ्या दिवशी मर्यादा आपोआप परत ८० वर येते. एखाद्या दिवशी १०० झाल्याने काही बिघडत नाही. १०० वर महिनोन्‌महिने ठेवणं वाईट.

तक्रारीही आहेत. पहिली: ही सोय मुळात बंद असते आणि चार मेनूंच्या खाली दडवलेली असते. दुसरी जास्त गंभीर: तीन वर्षांत दोनदा अपडेटनंतर मर्यादा पुसली गेली. एकदा तर मला पाच आठवड्यांनी कळलं. तेव्हा अपडेट झालं की एकदा उघडून बघाच. तिसरी: कायम ७५-८० च्या पट्ट्यात राहिल्यामुळे टक्क्यांचा काटा चुकायला लागतो. माझा लॅपटॉप एकदा २१ टक्के दाखवत असतानाच बंद पडला. बॅटरी ठीक होती, मोजणी चुकली होती. एकदा १०० पर्यंत भरून तो १० च्या खाली येईपर्यंत वापरला, परत भरला, आणि काटा ताळ्यावर आला. हे मी तीन-चार महिन्यांतून एकदा करते, त्याहून जास्त नाही. बॅटरी दर वेळी पूर्ण उतरवायची हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. लिथियमला त्याने उलट त्रासच होतो.

आणि उष्णतेचं काम ही मर्यादा करत नाही. गादीवर ठेवून लॅपटॉपची हवा कोंडली, तर ८० टक्क्यांवरची बॅटरीही लवकर म्हातारी होते. मी खाली स्टँड ठेवलाय.

फोनवर हीच सोय आता बऱ्याच ठिकाणी मिळते. आयफोन १५ पासून ॲपलनेही ८० टक्क्यांचा पर्याय दिला. पण ज्यांचा फोन संध्याकाळपर्यंत जेमतेम पुरतो, त्यांना मी हे सुचवणार नाही. रोज ५ टक्क्यांपर्यंत उतरवून मग मर्यादा पाळण्यात फारसा अर्थ नाही. आणि लिथियम-आयर्न-फॉस्फेट या वेगळ्या प्रकारच्या लिथियम बॅटरीला हे गणित जसंच्या तसं लावू नका. तिच्या सेलचं पूर्ण भरलेलं व्होल्टेजच ३.६५ असतं, आणि काटा नीट राहावा म्हणून ती अधूनमधून पूर्ण भरायला तिचे उत्पादकच सांगतात.

जुना लॅपटॉप नवीन बॅटरी घालून आईला दिला. त्यात ही सोय नाही. आईने स्क्रीनच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवली आहे: '८० ला काढ, ३० ला लाव.' ती ते नेमाने करते. परवा तिने विचारलं, "हे एवढंसं त्या यंत्रालाच का नाही सांगता येत?" त्या मॉडेलला अपडेटमधून ही मर्यादा द्या, असं मी कंपनीला दोनदा लिहिलं आहे. उत्तर आलेलं नाही. तिसरं पत्र लिहिते आहे, आणि या वेळी माझ्या आणि दादाच्या लॅपटॉपचे आकडे सोबत जोडणार आहे.