न्याय संहितेचा पॉकेट बेअर अ‍ॅक्ट: गाइडच्या आधी हा वाचा

लॉला नवीन अ‍ॅडमिशन झालेली पोरं पहिलं काय करतात तर क्रिमिनल लॉचं जाडजूड गाइड उचलतात, आणि बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे टीका-टिप्पणीशिवाय नुसता कायद्याचा मजकूर, परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी ठेवतात, म्हणून म्हटलं भारतीय न्याय संहितेच्या (आयपीसी म्हणजे जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेला कायदा) बेअर अ‍ॅक्टचाच रिव्ह्यू टाकू. पुण्यात अप्पा बळवंत चौकात दोनशेच्या आत मिळालं, इंग्रजीतलं, पॉकेट साइज. प्रकाशकाचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी आहेत, आणि तसंही कायद्याचा मजकूर सगळ्यांकडे सारखाच असतो.

न्याय संहितेत 358 कलमं आहेत (आयपीसीत 511 नंबर होते), पण सुरुवातीला सगळी वाचायला जाऊ नका, झोप येईल. कलम 2 आणि 3, मग 14 ते 44 म्हणजे जनरल एक्सेप्शन्स (कृत्य गुन्हा न ठरण्याचे अपवाद), मग 62 (गुन्ह्याचा प्रयत्न), 100 (कल्पेबल होमिसाइड, म्हणजे सदोष मनुष्यवध), 101 (खून) आणि 303 (चोरी), एवढं नीट वाचा. आणि कलमाखालची इलस्ट्रेशन्स (कायद्यातच दिलेली उदाहरणं) अजिबात सोडू नका, खरा माल तिथेच आहे. चोरीचं 303 घ्या. त्यात एकजण कुत्र्याला भुलवायला खिशात खाऊ ठेवतो, दुसऱ्याचं कुत्रं त्याच्या मागे यायला लागतं, आणि हेतू लबाडीचा असेल तर कुत्रं चालायला लागलं की झाली चोरी, घरापर्यंत न्यायचीही गरज नाही. त्याच कलमात रस्त्यावर पडलेली, कुणाच्याच ताब्यात नसलेली अंगठी उचलली तर मात्र चोरी नाही, फार तर मिसअ‍ॅप्रोप्रिएशन (अपहार). ही दोन लागोपाठ वाचली की ताबा, वस्तू हलवणं आणि हेतू हे तिन्ही डोक्यात बसतं, गाइडमध्ये यावर चार पानं खर्च केलेली असतात.

62 मध्ये रिकाम्या खिशात हात घालणारा खिसेकापू भेटतो, हाताला काही लागलं नाही तरी अटेम्प्ट. आणि 100 मध्ये कोंबडी चोरायला गोळी झाडणारा, झुडपामागे माणूस आहे हे त्याला माहीतच नाही, माणूस मेला तरी कल्पेबल होमिसाइड नाही. कृत्य बेकायदेशीर असलं तरी मनात काय होतं ते बघायचं, हे यापेक्षा कमी शब्दांत कोण सांगणार.

पण फक्त यावर भागणार नाही. मेन्स रिया (मनातला गुन्हेगारी हेतू) हा शब्द अख्ख्या पुस्तकात शोधून सापडत नाही, त्याला केस लॉच, म्हणजे कोर्टांचे निकालच लागतात. 1962 चं मेयर हान्स जॉर्जचं प्रकरण बघा: झुरिकहून मनिलाला निघालेला माणूस, विमान सांताक्रूझला थांबलं, जॅकेटमध्ये 34 किलो सोनं. सोनं नेण्याचा नियम नुकताच बदलला होता आणि मला माहीत नव्हतं असं त्याचं म्हणणं. हायकोर्टाने सोडलं, सुप्रीम कोर्टाने बहुमताने दोषी धरलं, न्या. सुब्बा राव यांचं मत वेगळं. दोन्ही बाजू वाचा, व्हायव्हाला हमखास कामी येतं. तसंच सिद्ध करायचं ओझं कुणावर हे इथे नाहीच, त्यासाठी साक्ष्य अधिनियमाचं (पुराव्याच्या नव्या कायद्याचं) 104 आणि 108 बघावं लागतं.

आता छपाई. कागद इतका पातळ की हायलायटर मागच्या पानावर उतरतो, फॉन्ट बारीक, चष्मावाल्यांनी मोठी आवृत्ती घ्यावी. मागे जुन्या-नव्या कलमांचा तक्ता आहे ही सगळ्यात उपयोगी गोष्ट, पण तो अर्धवट केलाय. जुन्या 34 समोर नुसतं ‘3’, त्या 3 ला नऊ पोटकलमं आहेत, कॉमन इंटेन्शन (अनेकांचा समान हेतू) 3(5) मध्ये, हे आपण पेनाने लिहायचं. 420 (फसवणूक) समोर 318(4) तरी बरोबर दिलंय. खुनाची शिक्षा जुन्या 302 ऐवजी आता 103 मध्ये, आणि 302 नंबरखाली धार्मिक भावना दुखावण्याचा गुन्हा आलाय, त्यामुळे जुन्या सवयीने बोलणाऱ्या सीनियरसमोर जपून.

आणि हो, घरात आयपीसीचं पुस्तक असेल तर रद्दीत घालू नका. 1 जुलै 2024 च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना तेच लागू आहे, तुमच्या इंटर्नशिपभर त्या फायली येत राहणार. मराठीतून पेपर देणाऱ्यांनी द्विभाषी आवृत्ती बघावी, वाक्यं लांबलचक असतात पण शेजारी इंग्रजी असलं की अडत नाही. पैसे वाचवायचे तर इंडिया कोडच्या साइटवर मूळ मजकूर फुकट आहे. मजकुराला पाच, छपाईला अडीच स्टार.