सर वर्गात अपमान करतात: आधी भेटायचं की अर्ज द्यायचा?

मूल ‘पोट दुखतंय’ म्हणून शाळा टाळू लागलं आणि खोदून विचारल्यावर कळलं, की गणिताचे सर रोज चारचौघांत पाणउतारा करतात, तर पालकांपुढे तीनचार वाटा असतात. इंदूरच्या आपल्या मराठी घरांत बहुतेक वेळा पहिलीच निवडली जाते, ती म्हणजे ‘मनाला लावून घेऊ नकोस’. मला ती मुळीच पटत नाही. पुढच्या वेळी ते मूल घरी सांगायचंच बंद करतं. ‘तूही सुनाव तोंडावर’ हा सल्ला त्याहून वाईट, कारण मार्क सरांच्या हातात असतात.

मग उरतात दोन वाटा: सरांना भेटणं किंवा प्राचार्यांना लेखी अर्ज देणं.

भेटीचा फायदा हा, की गोष्ट वाढत नाही. काही सरांना आपलं बोलणं किती लागतं हे खरोखरच ठाऊक नसतं आणि एका भेटीत फरक पडतो. पण ती पीटीएममध्ये, म्हणजे पालक-शिक्षक सभेत, उरकू नका. तिथे मागे चार पालक ताटकळत असतात आणि सर लगेच बचावाच्या पवित्र्यात जातात. वेगळी वेळ मागा. ‘तुम्ही अपमान करता’ अशी सुरुवात न करता ‘फळ्यापाशी गेलं की त्याचे हातपाय गळतात, काय करता येईल?’ असं विचारा. तोटाही उघड आहे. या भेटीचा कागद मागे राहत नाही, आणि सर डूख धरणारे असले तर दुसऱ्या दिवशी वर्गात ‘मम्मी को भेजा था?’ ऐकावं लागतं. म्हणून जायच्या आधी मुलाला विचारा. ते नको म्हणत असेल तर जाऊ नका.

टोमणे अभ्यासापुरते असतील तर भेट पुरेशी आहे. जात, रंग, अपंगत्व, आईवडिलांचं काम किंवा घरची गरिबी काढली जात असेल तर भेटीत वेळ घालवू नका, थेट अर्ज द्या. शिक्षणहक्क कायदा, 2009 च्या कलम 17 मध्ये मारण्याबरोबरच मानसिक छळालाही मनाई आहे आणि तसं करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. हा कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे. त्याहून मोठ्या मुलांसाठी बाल न्याय कायदा, 2015 आहे, त्यात अठरा वर्षांखालचे सगळे येतात.

अर्जाचं बळ नोंदींत असतं. त्यासाठी घरी एक वही ठेवा: तारीख, तास, नेमके शब्द, कोणी ऐकलं. ‘मंगळवार, चौथा तास. फळ्यावर अपूर्णांक चुकला. सर म्हणाले, तेरे बस का नहीं है, बाप की दुकान पे बैठ. वर्ग हसला.’ सर जे बोलले ते हिंदीतच, जसंच्या तसं उतरवा. ‘सर फार बोलतात’ या वाक्यावर कुठलेच प्राचार्य हलणार नाहीत. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शाळेचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय परतू नका.

शाळेने दाद दिली नाही तर जिल्हा शिक्षण अधिकारी आहेत, मंगळवारची कलेक्टर कार्यालयातली जनसुनवाई आहे, सीएम हेल्पलाइन 181 आहे, भोपाळचा राज्य बालहक्क आयोग आहे. तिथे ती शिक्क्याची प्रतच कामी येते. सेक्शन किंवा शाळा बदलणं मी शेवटीच सुचवेन. दोस्त सुटतात आणि आपलंच चुकलं असं मुलाला वाटत राहतं. पण मूल रोज रडत असेल तर तेही लांबवू नका.

कुठलीही वाट धरली तरी निकाल लागेपर्यंत मुलाला त्याच वर्गात बसायचं असतं. त्याला सांगा, की सर बोलत असताना उत्तर द्यायचं नाही, तास संपला की एखाद्या मित्राला बरोबर घेऊन ‘सर, ये सवाल फिर से पूछ लूँ?’ एवढंच विचारायचं. झोप उडाली, जेवण सुटलं किंवा मरणाची भाषा आली, तर अर्जाच्या उत्तराची वाट न पाहता मानसिक आरोग्याच्या टेलीमानस हेल्पलाइन 14416 किंवा चाइल्डलाइन 1098 ला फोन करा. दोन्ही मोफत आहेत.

अर्ज दिल्यावरही वही चालू ठेवा. बोलणं थांबलं, पण वह्या तपासणं बंद झालं किंवा मुलाला प्रश्नच विचारले जाईनात, तर तेही तारखेसकट लिहा आणि दुसरा अर्ज त्यावर द्या.