‘-एन’ हा एक पर्याय : एसएसएचवरून चौदा सर्व्हर सांभाळण्याचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी आमच्या चौदापैकी एका सर्व्हरची डिस्क पूर्ण भरली आणि त्यावरचा डेटाबेस नव्या नोंदी घेईनासा झाला. डिस्क जुन्या लॉगनी, म्हणजे कामकाजाच्या नोंदींच्या फाइलींनी, भरली होती. ते लॉग रोज रात्री दोन वाजता पुसले जातात अशी माझी पक्की समजूत होती, कारण ते काम करणारी स्क्रिप्ट मीच लिहिली होती आणि ती रोज कोणतीही चूक न दाखवता संपत होती. तपासल्यावर आढळले की ती गेले सात आठवडे यादीतल्या फक्त पहिल्या सर्व्हरवर चालत होती आणि उरलेल्या तेरांपर्यंत पोहोचलीच नव्हती. हा प्रकार घडला नसता तर नऊ महिन्यांच्या वापरानंतर एसएसएचबद्दल, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे कमांड चालवण्याच्या साधनाबद्दल, चार कौतुकाची वाक्ये लिहून मी थांबलो असतो.

आमची संस्था लहान आहे आणि सर्व्हरांचे काम मी एकटाच पाहतो. सुरुवातीला एका विक्रेत्याने प्रत्येक सर्व्हरवर आपला एजंट, म्हणजे छोटा प्रोग्राम, बसवून सगळ्या कमांड एका पडद्यावरून चालवण्याची सोय देऊ केली होती. तिचे शुल्क सर्व्हरामागे दरमहा होते. मी ते नाकारले. चौदाही सर्व्हरांवर ओपनएसएसएच, म्हणजे एसएसएचचा मोफत प्रोग्राम, आधीपासूनच होते, त्याला एक रुपयाही पडत नव्हता, आणि १९९९ पासून जगभर वापरात असलेल्या साधनावर विश्वास ठेवायला मला अडचण वाटली नाही. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. जे चुकले ते एका अक्षरात होते.

पूर्वी माझ्या स्क्रिप्टमध्ये सर्व्हरांची नावे फॉर-लूपमध्येच (एकच काम यादीतल्या प्रत्येकासाठी पुन्हा करणाऱ्या ओळींत) लिहिलेली होती आणि ती व्यवस्थित चालत असे. सर्व्हर वाढले तेव्हा नावे एका फाइलमध्ये काढावीत आणि व्हाइल-रीड लूपने एकेक ओळ वाचून त्या सर्व्हरवर कमांड पाठवावी, असा बदल मी केला. दिसायला तो अधिक नीटनेटका होता. परंतु अशा लूपचे स्टँडर्ड इनपुट, म्हणजे कमांड जिथून मजकूर वाचते ती वाट, ती फाइलच असते आणि लूपच्या आत चालणाऱ्या प्रत्येक कमांडला तेच इनपुट वारशाने मिळते. एसएसएचचा स्वभाव असा, की स्वतःच्या इनपुटवर जे काही येईल ते उचलायचे आणि पलीकडच्या सर्व्हरवरील कमांडकडे पोहोचवायचे. त्यामुळे पहिल्या सर्व्हरशी जोडणी होताच एसएसएचने फाइलमधल्या उरलेल्या तेरा ओळी एका घोटात वाचून टाकल्या. पलीकडे लॉग पुसणाऱ्या कमांडला इनपुटची गरजच नव्हती, म्हणून त्या ओळी तिथेच वाया गेल्या. लूप दुसरी ओळ वाचायला गेला तेव्हा फाइल संपलेली होती आणि फाइल संपली की लूप संपतो. एक्झिट कोड, म्हणजे काम संपताना मिळणारा निकालाचा आकडा, शून्य आला; शून्य म्हणजे यश. चूक कुठेच नोंदली गेली नाही, कारण त्या लूपच्या दृष्टीने चूक झालेलीच नव्हती.

यावरचा साधा उपाय म्हणजे ‘-एन’ (-n) हा पर्याय. तो दिला की एसएसएचचे इनपुट डेव्ह-नल या कायम रिकाम्या फाइलकडे वळते आणि यादीच्या फाइलला धक्का लागत नाही. दुसरा उपाय असा, की यादी स्टँडर्ड इनपुटऐवजी तिसऱ्या क्रमांकाच्या फाइल डिस्क्रिप्टरवरून, म्हणजे वेगळ्या वाटेने, वाचावी. तो मला अधिक भक्कम वाटतो, कारण त्यात पुढे कोणी लूपमध्ये आणखी एखादी कमांड घातली तरी यादी सुरक्षित राहते. माझी दुसरी एक स्क्रिप्ट त्याच यादीवर आणि त्याच पद्धतीच्या लूपने चालत होती, तरी चौदाही ठिकाणी नीट पोहोचत होती, आणि या विसंगतीनेच मला दोन दिवस चुकीच्या दिशेने, नेटवर्क आणि फायरवॉल तपासत, फिरवले. नंतर उलगडा झाला की त्या स्क्रिप्टमध्ये मी पलीकडे बॅश (कमांड वाचून चालवणारे शेल) ‘-एस’ (-s) या पर्यायासह चालवून स्थानिक फाइल तिच्या इनपुटात ओतत होतो. एसएसएचला वाचायला स्वतःची वेगळी फाइल मिळत होती, म्हणून यादी शाबूत राहिली.

इनपुट गिळण्याची ही सवय म्हणजे एसएसएचच्या रचनेतला दोष आहे, असे मी त्या आठवड्यात ठामपणे म्हणत होतो. आज तसे म्हणणार नाही. डेटाबेसचा डंप मध्ये कुठेही फाइल न बनवता थेट दुसऱ्या सर्व्हरवर उतरवता येतो, किंवा टार या कमांडने गठ्ठा केलेला अख्खा फोल्डर पलीकडे उलगडता येतो, तो याच गुणामुळे, आणि त्या सोयीने माझे कितीतरी रात्रींचे जागरण वाचवले आहे. माझी खरी तक्रार आता माझ्या स्क्रिप्टबद्दल आहे, कारण चौदा नावे वाचायची होती तेव्हा चौदा वाचली गेली का, हे तिने कधी मोजलेच नाही.

याच जातीची आणखी एक शांतता मला याच काळात सापडली. एसएसएच स्वतः अपयशी ठरले तर २५५ हा एक्झिट कोड देते आणि एरवी पलीकडच्या कमांडचा कोड जसाच्या तसा परत आणते. ही व्यवस्था उत्तम आहे. परंतु मी एसएसएचचे उत्तर पाइपने (एका कमांडचे उत्तर दुसरीला देणाऱ्या जोडाने) टी या कमांडकडे देऊन लॉगमध्ये साठवत होतो, आणि बॅशमध्ये पाइपफेल ही सोय चालू केली नसेल तर संपूर्ण साखळीचा कोड शेवटच्या कमांडचा धरला जातो. म्हणजे सर्व्हर बंद असला तरी टी यशस्वी झाली म्हणून सर्व काही ठीक, असा अहवाल मिळत होता.

अवतरणचिन्हांचा त्रास मात्र मला अजून पूर्णपणे सुटलेला वाटत नाही. एसएसएचला दिलेले सगळे शब्द मोकळ्या जागेने जोडून एकच ओळ बनते आणि ती ओळ पलीकडचे शेल पुन्हा पहिल्यापासून वाचते. आपण इथे काळजीपूर्वक अवतरणात ठेवलेले, मध्ये मोकळी जागा असलेले फोल्डरचे नाव तिथे दोन नावे होऊन पोहोचते. पुसण्याच्या कमांडबाबत हे किती महागात पडू शकते ते सांगायला नको. मी आधी तीच कमांड फक्त यादी दाखवायला लावून पाहत असे, म्हणून वाचलो. दोन शब्दांपेक्षा मोठे काही असेल तर आता मी कमांड ओळीत लिहीतच नाही, स्क्रिप्टची फाइल करतो आणि बॅशच्या इनपुटात देतो.

तिसऱ्या महिन्यात घरून एका सर्व्हरवर पॅकेज अद्ययावत करत असताना वीज गेली. लॅपटॉप चालू होता, राऊटर इन्व्हर्टरवर नव्हता. जोडणी तुटल्याचे सर्व्हरच्या ध्यानात आले की त्या सत्रातल्या प्रक्रियांना हँगअप सिग्नल जातो. माझी प्रक्रिया अर्ध्यावर थांबली आणि डीपीकेजी (पॅकेज बसवणारी व्यवस्था) पुन्हा मार्गावर आणण्यात संध्याकाळ गेली. तेव्हापासून पाच मिनिटांपेक्षा मोठे कोणतेही काम मी सर्व्हरवरील टीमक्समध्येच, म्हणजे जोडणी तुटली तरी सत्र चालू ठेवणाऱ्या साधनात, सुरू करतो.

ज्या गोष्टीने मला अनपेक्षित आनंद दिला ती म्हणजे एसएसएचच्या कॉन्फिग (मांडणीच्या) फाइलमधल्या कंट्रोलमास्टर, कंट्रोलपाथ आणि कंट्रोलपर्सिस्ट या तीन ओळी. पहिली जोडणी झाली की पुढच्या सगळ्या कमांड त्याच जोडणीवरून जातात, प्रत्येक वेळी किल्ल्यांची देवाणघेवाण करावी लागत नाही. एकाच सर्व्हरवर लागोपाठ वीस छोट्या तपासण्या करणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो, आणि त्याला खर्च काहीच नाही.

डिस्क भरल्याच्या घटनेनंतर मी चार आठवडे अ‍ॅन्सिबल, म्हणजे अनेक सर्व्हरांवर एकदम कामे चालवणारे साधन, वापरून पाहिले. चौदा सर्व्हरांसाठी ते अवजड आहे असे माझे आधीचे मत होते. ते मी मागे घेतो. प्रत्येक सर्व्हरचे नाव घेऊन तो यशस्वी झाला, बदलला, अपयशी ठरला की पोहोचताच आले नाही, याचा ताळेबंद ते शेवटी मांडते, आणि माझ्या लूपमध्ये नेमके हेच नव्हते. मूळ मांडणीत ते एका वेळी पाचच सर्व्हर हाताळते, त्यामुळे चौदांना तीन फेऱ्या लागतात; हा आकडा वाढवता येतो. त्याचे कमांड मॉड्यूल शेलमधून जात नाही, त्यामुळे त्यात पाइप चालत नाही, आणि हे कळेपर्यंत माझा एक तास गेला. त्याला सहसा पलीकडे पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा लागते, आणि आमच्या सर्वांत जुन्या सर्व्हरवरचे पायथॉन त्याला चालले नाही. तिथे स्क्रिप्ट मॉड्यूलने काम भागवले, कारण त्याला पलीकडे पायथॉन लागत नाही. आता ठरावीक कामे अ‍ॅन्सिबलकडे आहेत. एखाद्या सर्व्हरला चटकन काही विचारायचे असेल तर मी आजही एसएसएचच उघडतो.

‘-एन’चा विषय मात्र माझ्या डोक्यातून गेलेला नाही. ओपनएसएसएचच्या ८.७ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, हेच काम स्टडिननल या नावाने कॉन्फिग फाइलमध्ये लिहिता येते. माझे कार्यालयातले यंत्र उबुंटू २०.०४ वर होते, त्यात ओपनएसएसएचची ८.२ आवृत्ती होती, त्यामुळे यंत्र २२.०४ वर नेईपर्यंत हा मार्ग बंद होता. ती ओळ मुख्य कॉन्फिगमध्ये टाकणे धोक्याचे आहे, कारण मग एसएसएचच्या इनपुटातूनच चालणाऱ्या आरसिंक (फाइली जुळवणे) आणि गिट (कोडच्या आवृत्त्या ठेवणे) या साधनांचीही वाट अडते. म्हणून स्क्रिप्टांसाठी मी वेगळी कॉन्फिग फाइल केली आहे आणि प्रत्येक स्क्रिप्ट ‘-एफ’ (-F) देऊन तीच वापरते. रात्रीची लॉग पुसण्याची स्क्रिप्ट आता यादीतली नावे आणि आलेली उत्तरे मोजते, आणि दोन्ही आकडे जुळले नाहीत तर मला मेल पाठवते. परवा तसा पहिला मेल आला : चौदापैकी तेरा. एक सर्व्हर देखभालीसाठी बंद ठेवलेला होता.