गच्चीवरच्या पॉलीहाऊससाठी ऑफ-ग्रिड सोलर : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्यात पाचपाखाडीतील आमच्या सात मजली इमारतीच्या गच्चीवर १२ फूट बाय १६ फुटांचे एक लहान पॉलीहाऊस आहे. त्यात डेंड्रोबियम ऑर्किड, थोडी अँथुरियम आणि भाजीपाल्याच्या रोपांचे ट्रे असतात. सोसायटीने जागा वापरण्याची लेखी परवानगी दोन अटींवर दिली : सामाईक मीटरवरून वीज घ्यायची नाही आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला एकही भोक पाडायचे नाही. पहिल्या अटीमुळे ऑफ-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला न जोडलेले सोलर घ्यावे लागले आणि दुसरीमुळे पॅनेलचा सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा करावा लागला. मे २०२४ मध्ये घाटकोपरला होर्डिंग कोसळल्यापासून गच्चीवर काहीही उभे करायचे म्हटले की आमची कमिटी सावध होते, त्यामुळे ठोकळ्यांचे वजन वाऱ्याला पुरेल असे स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पत्रही जोडावे लागले. त्या वेळी हा जाच वाटला होता. मे महिन्यातल्या वावटळीत शेजारच्या इमारतीवरचे पत्रे उडालेले पाहिल्यावर तसे वाटेनासे झाले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बसवलेली यंत्रणा आणि आज चालू असलेली यंत्रणा यांत दोन पॅनेल, त्यांचा सांगाडा आणि फवाऱ्याचा पंप एवढेच सामाईक उरले आहे. बाकी सारे जुलैत बदलावे लागले, आणि तेही माल निकृष्ट होता म्हणून नव्हे, तर माझे गणित चुकले होते म्हणून.

ते गणित असे होते. २३० व्होल्टवर चालणारा ६० वॅटचा एक्झॉस्ट पंखा दिवसाला ८ तास, म्हणजे ४८० वॅट-तास. फॉगरचा, म्हणजे धुक्यासारखे बारीक पाणी उडवणाऱ्या फवाऱ्याचा, १२ व्होल्टचा ६० वॅटचा डायफ्रॅम पंप एकूण पाऊण तास, म्हणजे ४५. टायमर, सेन्सर आणि कंट्रोलर मिळून ५ वॅट चोवीस तास, म्हणजे १२०. बेरीज ६४५ वॅट-तास. बॅटरी, वायर आणि उष्णतेत जाणारा वाटा धरून त्याला ०.७ ने भागले की ९२० येतात, आणि आपल्याकडे वर्षाची सरासरी दिवसाला ५ तास पूर्ण उन्हाची धरली की १८५ वॅटचे पॅनेल पुरते. पूर्ण उन्हाचा तास म्हणजे दर चौरस मीटरवर १००० वॅट ऊन पडते असा एक तास; सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन याच मापात बसवून धरायचे असते. मी १६५ वॅटचे दोन पॅनेल, १५० अँपिअर-तासांची शिशाची ट्युब्युलर बॅटरी, ८५० व्हीएचा इन्व्हर्टर आणि पॅनेलची वीज बॅटरीत भरणारा पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर घेतला, आणि गरजेच्या जवळजवळ दुप्पट पॅनेल घेतल्याचे समाधानही मानून घेतले. लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंतच जाते. पंचावन्न किलोंच्या आसपासची ती बॅटरी शेवटच्या जिन्याने गच्चीवर नेताना दोघा हमालांनी जे उद्गार काढले, ते येथे लिहिण्यासारखे नाहीत.

हिवाळा आणि उन्हाळा उत्तम गेला. एप्रिलमध्ये पॅनेलची काच हात टेकवता येणार नाही इतकी तापे. पॅनेल साठ अंशांवर गेले की पंचवीस अंशांवर मोजलेल्या क्षमतेतले चौदा टक्के तरी उष्णतेतच जातात, पण एप्रिलचे ऊनच इतके मुबलक असते की ही तूट जाणवत नाही. त्याच मुबलकपणाने माझी खरी चूकही झाकून ठेवली होती.

२०२५ साली मुंबई-ठाण्यात पाऊस २६ मे रोजीच दाखल झाला. पावसाळ्यात पॉलीहाऊसची विजेची गरज कमी होईल, असे मी गृहीत धरले होते, कारण थंडाव्यासाठी पंखा आणि फॉगर लागत नाहीत. प्रत्यक्षात तिरप्या सरींमुळे बाजूचे पडदे खाली सोडावे लागतात, आतली हवा कोंडते आणि पानांवरचे पाणी रात्रभर सुकत नाही. बुरशीला याहून चांगले निमंत्रण नसते. त्यामुळे हवा खेळती ठेवण्यासाठी भिंतीवरचा ४५ वॅटचा पंखा संध्याकाळपासून सकाळपर्यंत, आणि झड लागली की दिवसाही, म्हणजे सरासरी १६ तास चालवावा लागला. एकट्या त्या पंख्याचेच ७२० वॅट-तास झाले. गरज वाढली ती नेमकी ऊन नसण्याच्या दिवसांत आणि तीही बहुतांशी रात्री. आपल्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये पूर्ण उन्हाचे तास सरासरी साडेतीन ते चार इतकेच भरतात आणि झडीच्या दिवशी एक तासही मिळत नाही.

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात एका पहाटे दोनच्या सुमारास बॅटरी खाली गेल्याची सूचना देत इन्व्हर्टर किंचाळू लागला. सातव्या मजल्यावरच्या काकूंनी सकाळी दारात गाठून, ‘तुमच्या झाडांना अलार्म लावून उठवता का हो?’ असे विचारले. वर जाऊन पाहतो तर पंखा बंद, प्लॅस्टिकला आतून दवाचे थेंब लटकलेले, आणि टोमॅटोच्या रोपांचे दोन ट्रे देठाच्या बुडाशी काळे पडून आडवे झालेले. रोप कोलमडण्याचा हा रोग एका रात्रीत होत नाही हे खरे, पण पंखा त्या आठवड्यात तिसऱ्यांदा बंद पडला होता.

स्टेशनजवळच्या ज्या दुकानदाराकडून माल घेतला होता, त्याचे म्हणणे आणखी दोन पॅनेल आणि आणखी एक बॅटरी घ्यावी असे होते. गच्चीवर त्यासाठी जागा नव्हती, हे एका अर्थी बरेच झाले. आमच्या वायरमनने डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आणला, सगळे पंखे बंद केले आणि बॅटरीच्या वायरला तो अडकवला. मीटरवर १.३ अँपिअर दिसत होते. ‘काका, काहीच चालू नाही, तरी हा एवढा खातोय. काढूनच टाका की इन्व्हर्टर.’ बारा-साडेबारा व्होल्टला १.३ अँपिअर म्हणजे सोळा वॅट, आणि चोवीस तासांचे जवळजवळ ४०० वॅट-तास. फॉगरचा पंप दिवसभरात जेवढे घेत होता, त्याच्या आठपटींहून अधिक वीज इन्व्हर्टर नुसता जागा राहण्यासाठी घेत होता, आणि माझ्या कागदावर त्याची ओळच नव्हती.

मग पावसाळ्याचा हिशेब नव्याने मांडला. भिंतीवरचा पंखा ७२०, एक्झॉस्ट दिवसाला ३ तास १८०, कंट्रोलर १२०, इन्व्हर्टर ४००. एकूण १४२० वॅट-तास. मिळकत मात्र ३३० वॅट गुणिले साडेतीन तास गुणिले ०.६५, म्हणजे ७५० च्या आसपास. रोजची तूट जवळपास ६७० ची, आणि अर्ध्यापर्यंतच वापरायच्या बॅटरीत साठा ९०० चा. दुसऱ्या रात्री यंत्रणा बंद पडणारच होती. त्यासाठी वाईट नशिबाची गरज नव्हती.

जुलैच्या मध्यावर इन्व्हर्टर काढला आणि सर्व काही थेट बॅटरीच्या १२ व्होल्ट डीसीवर आणले. भिंतीवर १५ वॅटचा बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा, कमी वीज खाणारा) पंखा आला, एक्झॉस्ट ३० वॅटचा झाला आणि कंट्रोलरही ३ वॅटचा घेतला. नवा पंखा जुन्याइतकी हवा फेकत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण पाने हलत राहावीत आणि पाणी सुकावे एवढेच त्याचे काम आहे आणि तेवढे तो करतो. पावसाळ्यातली गरज १४२० वरून सुमारे ४२० वॅट-तासांवर आली. एकही पॅनेल न वाढवता यंत्रणा गरजेच्या दुप्पट झाली, आणि या वेळचे दुप्पट खरे होते.

पीडब्ल्यूएम कंट्रोलरच्या जागी एमपीपीटी घेण्याचे कारणही सांगायला हवे, कारण दुकानात हा फरक केवळ किमतीचा म्हणून सांगितला जातो. १६५ वॅटचे माझे पॅनेल साडेअठरा व्होल्टला सुमारे ८.९ अँपिअर देते. पीडब्ल्यूएम त्याला थेट बॅटरीला जोडून देतो, त्यामुळे पॅनेल बॅटरीच्या तेरा व्होल्टवर खेचले जाते आणि तेरा गुणिले ८.९ म्हणजे ११६ वॅटच हाती येतात. एमपीपीटी जास्तीच्या व्होल्टेजचे अँपिअरमध्ये रूपांतर करतो. तापलेल्या पॅनेलचे व्होल्टेज मुळातच उतरते, म्हणून उन्हाळ्यात हा लाभ थोडा कमी दिसतो. ढगाळ हवेत पॅनेल थंड असते आणि तेव्हा प्रत्येक वॅट-तास मोलाचा असतो.

१२ व्होल्टवर येण्याची किंमत वायरमध्ये मोजावी लागते. पंपापर्यंत १२ मीटर अंतर आहे आणि सुरुवातीपासून तिथे दीड चौरस मिलिमीटरची वायर होती. जाऊन-येऊन २४ मीटर तांब्यात ५ अँपिअरला जवळजवळ १.४ व्होल्ट गळत होते, त्यामुळे पंप कण्हत सुरू होई आणि फॉगरमधून धुक्याऐवजी थेंब पडत. ४ चौरस मिलिमीटरची वायर टाकल्यावर ही गळती अर्ध्या व्होल्टवर आली. प्रवाह फार वाढला की वीज तोडणारा, घरात असतो तसा साधा एसी एमसीबीही काढून डीसीचा बसवला. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून त्याची ठिणगी आपोआप विझते; डीसीची तशी विझत नाही.

ट्युब्युलर बॅटरी वाईट नव्हती. शिशाच्या बॅटरीला अर्धवट भरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे ठेवले की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, आणि पावसाळ्यात मी तिचे नेमके तेच केले. जुलैपर्यंत तिची धारणा डोळ्यांना दिसेल इतकी घटली होती आणि ती मोडीत ६,००० रुपयांना गेली. तिच्या जागी १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. ती बारा किलोंची असल्याने या खेपेस मी एकट्यानेच वर नेली. तिच्या १२८० पैकी हजारेक वॅट-तास निर्धास्त वापरता येतात आणि अर्धवट भरलेली राहिली तरी तिला त्रास होत नाही. मात्र तिचे व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे व्होल्टमीटरवरून साठा कळत नाही. बॅटरीत येणारा-जाणारा प्रवाह मोजणारा, शंट लावलेला मॉनिटर वेगळा घ्यावा लागला.

खरी परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. शनिवार, १६ ऑगस्टच्या सकाळी मॉनिटरवर ९६ टक्के होते. त्यानंतरचे चार दिवस ठाण्यात कसा पाऊस झाला, हे येथील वाचकांना सांगायला नको. बुधवारी २० तारखेला सकाळी वर गेलो तेव्हा आकडा ३१ वर होता आणि पंखा चालू होता. चार दिवसांत ऊन दिवसाला तासाभराचेही भरले नव्हते. उघडीप मिळाल्यावर दोन दिवसांत बॅटरी पुन्हा भरली. डेंड्रोबियमच्या दोन कुंड्यांत काळी कूज दिसली, ती मी कापून टाकली. त्यापलीकडे जुलैतल्या बदलानंतर नुकसान नाही.

खर्चाविषयी. पहिल्या खेपेस सुमारे ४५,००० आणि दुसऱ्या खेपेस सुमारे ३७,००० रुपये लागले. सुरुवातीलाच जुलैचा हिशेब केला असता तर सगळे साठ हजारांच्या आत बसले असते. पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान ग्रिडला जोडलेल्या घरगुती यंत्रणेलाच मिळते, त्यामुळे त्याची आशा ठेवू नये. पॅनेलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी ५ टक्के झाला आहे. मला तो लाभ मिळाला नाही, आता घेणाऱ्यांना मिळेल. बचतीच्या दृष्टीने पाहिले तर या यंत्रणेतून महिन्याला वीस युनिटेही वापरली जात नाहीत. सोसायटीने मीटरवरून वीज दिली असती तर दोनशे रुपयांच्या आसपास काम भागले असते आणि मी सोलरचा विचारही केला नसता.

देखभाल फारशी नाही. आजूबाजूला इमारतींची कामे चालू असल्याने पावसाळा सोडून दर पंधरा दिवसांनी पॅनेल धुतो. ते सकाळी लवकर, काच थंड असताना. खाडीकडची दमट हवा लोखंड खाते, म्हणून साधे नटबोल्ट काढून स्टेनलेसचे लावले आहेत.

एक काम राहिले आहे. डिसेंबरात दुपारी तीनला आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून पस्तीसेक अंशांवरच असतो, आणि पॅनेलपेक्षा पाच फूट उंच असलेल्या पाण्याच्या टाकीची सावली तेव्हा सात फूट लांब पडते. गेल्या हिवाळ्यात ती पश्चिमेकडच्या पॅनेलच्या खालच्या ओळीवर चढत होती. दोन्ही पॅनेल आता सीरिजमध्ये, म्हणजे एकाच्या तारेला दुसऱ्याची तार अशी जोडलेली असल्याने एकावरची सावली दोघांनाही भोवू शकते. दिवाळीनंतर सांगाडा टाकीपासून चार फूट लांब सरकवायचा आहे, आणि त्यासाठी वायर दोन मीटर जास्तीची सोडून ठेवली आहे.