पाणी अति तापवणारा डिशवॉशर: सेन्सर बदलावा की कंट्रोल बोर्ड?

डिशवॉशरमधले पाणी गरजेपेक्षा जास्त तापू लागले की संशय प्रामुख्याने दोन भागांवर जातो: तापमान मोजणारा सेन्सर आणि कंट्रोल बोर्डावरचा, हीटर चालू-बंद करणारा रिले. दार उघडताच येणारा वाफेचा लोट आणि वाकडी झालेली प्लास्टिकची झाकणे ही लक्षणे दोन्हींत सारखीच असतात. खर्च आणि धोका मात्र फार वेगळे असल्यामुळे, सुटा भाग मागवण्याआधी निदान पक्के करणे अत्यंत गरजेचे आहे.

मुळात पाणी खरोखरच जास्त तापते का, हे आधी पाहावे. खूप खरकट्या भांड्यांच्या प्रोग्रामचे तापमान 65 ते 70 अंश सेल्सिअस असतेच, शिवाय भांडी वाळावीत म्हणून शेवटच्या विसळणीचे पाणीही अनेक यंत्रांत मुद्दाम तापवले जाते. 50 अंशांचा प्रोग्राम मध्येच थांबवून, वाफ निघून गेल्यावर तळातल्या पाण्यात थर्मामीटर धरला आणि त्याने 65 दाखवले, तर बिघाड खरा समजावा. मात्र यंत्राला गरम पाण्याची जोडणी दिलेली नाही, याची खात्री करून घ्यावी.

यानंतरची कसोटी साधी आहे. गार पाण्याने नुसते विसळण्याचा प्रोग्राम लावावा. त्यात हीटर चालू होण्याचे कारणच नसते. तरीही पाणी तापले, तर रिलेचे संपर्क (वीज जोडणारी-तोडणारी आतली टोके) आतल्या आत चिकटलेले असण्याची शक्यता सर्वाधिक. पाणी गारच राहिले आणि फक्त तापवण्याच्या टप्प्यात मर्यादा ओलांडली गेली, तर आधी सेन्सर तपासावा.

सेन्सरची दुरुस्ती तुलनेने सोपी आणि स्वस्त असते. तापमान वाढले की त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो. बऱ्याच सेन्सरचा रोध 25 अंशांना 10,000 ओहम आणि 50 अंशांना साडेतीन हजारांच्या आसपास असतो, पण आपल्या मॉडेलचे आकडे त्याच्या सर्व्हिस पुस्तिकेतूनच घ्यावेत. प्लग काढून मल्टीमीटरने मोजलेला रोध त्याहून बराच जास्त भरला, तर बोर्डाला पाणी आहे त्यापेक्षा गार वाटते आणि तो हीटर चालूच ठेवतो. सेन्सरवर क्षारांचा थर साचला असेल, तरी तापमान उशिरा कळते. अशा वेळी थर काढून पुन्हा मोजावे.

रिलेचा बिघाड जास्त गंभीर आहे, कारण हीटर कुणाच्याच ताब्यात राहत नाही आणि अखेरचा आधार उरतो तो सुरक्षा-थर्मोस्टॅटचा, म्हणजे तापमान धोक्याच्या पातळीला गेल्यास हीटरची वीज तोडणाऱ्या स्विचचा. त्याला वळसा घालून तारा थेट जोडणे हे आग लागण्याला आमंत्रण आहे. पूर्ण बोर्ड महाग पडतो आणि काही यंत्रांत तो मॉडेलनुसार प्रोग्रामही करावा लागतो. नुसता रिले बदलणे स्वस्त, पण त्याला सोल्डरिंगचा सराव हवा आणि कॉइलचा (रिले चालवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) व्होल्टेज व संपर्कांची अँपिअर-क्षमता मूळ रिलेइतकीच हवी. बोर्डावर जळाल्याचे डाग नसतील, तर सराव असलेल्याने रिलेच बदलावा, असे माझे मत आहे. दोन्ही पर्यायांत आधी हीटर मोजावा: 230 व्होल्टवरील 2,000 वॉटच्या हीटरचा रोध साधारण 26 ओहम असतो. तो फारच कमी आला किंवा हीटरचे इन्सुलेशन अर्थिंगशी कमकुवत आढळले, तर हीटरही त्याच वेळी बदलावा, नाहीतर नवा रिलेही लवकरच चिकटू शकतो. दुरुस्ती होईपर्यंत यंत्राचा प्लग काढून आणि नळ बंद करून ठेवावा.