बंद पडलेल्या हेवी टेनिस बॉलच्या जागी काय घ्यावं?

जालना, परभणी, लातूरच्या मैदानांवर टेनिस बॉल क्रिकेटमधला एखादा हेवी, म्हणजे जड, टेनिस बॉल वर्षानुवर्षं चालतो. बोलरांचा हात त्याच्यावर बसतो, आणि मग एका हंगामात दुकानदार सांगतो की तो माल येणं बंद झालं. पुढचं वाक्य ठरलेलंच: "हा घ्या दादा, माल तोच हाय, फक्त डबा बदललाय." कधीकधी ते खरंही असतं. पण डबा, रंग आणि छापलेलं नाव बघून ते कळत नाही. कळतं ते टप्पा (म्हणजे उसळी), वजन, कडकपणा आणि वरची लव (केसाळ कापडी आवरण) यांवरून, आणि या चारही गोष्टी घरी तपासता येतात. आमचं मत असं की आधी टप्पा जुळवावा, वजन त्यानंतर. बहुतेक संघ उलटं करतात. हातात बॉल तोलून "हां, तेवढाच भरतो" म्हणतात आणि सहाचा डबा उचलतात. पहिल्या सामन्यात गुड लेंग्थचा बॉल बॅट्समनच्या छातीशी येतो, तेव्हा चूक लक्षात येते.

आधी नमुना जपा. जुन्यापैकी एक तरी न खेळलेला बॉल शिल्लक असेल तर तो सुती कापडात गुंडाळून घरात सावलीत ठेवा. गाडीच्या डिकीत नको, कारण मे महिन्यात तिथं रबर लवकर म्हातारं होतं आणि लवेखालचा डिंक सुटू लागतो. फक्त खेळलेले बॉल उरले असतील तर त्यातला सर्वांत कमी झिजलेला घ्या. लव झडल्यामुळे तो मूळच्यापेक्षा थोडा हलका आणि किंचित लहान भरेल, एवढं धरून चला.

टप्प्याची चाचणी घराच्या पक्क्या फरशीवर होते. भिंतीवर २५४ सेंटीमीटरवर खूण करा. हा आकडा लॉन टेनिसच्या नियमातला आहे. त्या उंचीवरून सोडलेला लॉन टेनिसचा प्रमाणित बॉल कठीण पृष्ठभागावरून १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळला पाहिजे. त्याचा उपयोग असा की ताज्या डब्यातला लॉन टेनिसचा एक बॉल आधी सोडून बघायचा. तो या पट्ट्यात आला तर तुमची फरशी आणि मोजणी ठीक आहे. मग जुना हेवी आणि नवा हेवी प्रत्येकी पाच वेळा सोडा. बॉल ढकलायचा नाही, नुसता सोडायचा. भिंतीला टेप लावून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं की आकडा नीट वाचता येतो, फक्त मोबाइल उसळीच्या उंचीलाच धरा, खालून धरला तर आकडा चुकतो. दोन्ही बॉल तासभर एकाच खोलीत ठेवलेले असावेत. गरम बॉल जास्त उसळतो, आणि आपल्याकडे दुपारच्या उन्हातला बॉल आणि माठाशेजारचा बॉल यांत चांगलाच फरक पडतो. जुन्या-नव्यात ५ सेंटीमीटरपर्यंतचा फरक चालवून घ्यावा. १० च्या पुढे गेला तर बोलरला लेंग्थ बदलावी लागेल, तो बॉल सोडून द्या.

वजनासाठी किराणा दुकानाचा काटा बहुधा पुरत नाही, कारण तो ५-५ ग्रॅमनं सरकतो. सोनाराचा काटा मिळाला तर उत्तम. लॉन टेनिसचा बॉल ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो. 'हेवी' हा शब्द मात्र प्रत्येक कंपनी आपापल्या हिशोबानं छापते, त्यामुळे एकाचा हेवी दुसऱ्याच्या हेवीपेक्षा बराच वेगळा भरू शकतो. डब्यातले सहाही बॉल तोला. त्यांच्यातच ४-५ ग्रॅमचा फरक निघाला तर जुळवाजुळव विसरा. एका ओव्हरनंतर बॉल हरवला आणि दुसरा काढला की खेळच बदलेल.

वजन का महत्त्वाचं, तेही सांगतो. आकार तोच असल्यानं हवेचा रोध जवळपास तेवढाच राहतो, पण जड बॉलचा वेग त्या रोधानं कमी गळतो. म्हणून हेवी बॉल वाऱ्यातही कीपरपर्यंत पोचतो आणि लाइट बॉल टप्प्यानंतर मरतो. आकार दोऱ्यानं मोजा. घेर साधारण २०.५ ते २१.५ सेंटीमीटर, म्हणजे लॉन टेनिसच्या बॉलइतकाच, असावा.

कडकपणा अंगठ्यानं दाबून ठरवणं फसवं आहे. दोन सपाट फळ्यांमध्ये बॉल ठेवा, वरच्या फळीवर ५ किलोचं लोखंडी वजन ठेवा आणि फळ्यांमधलं अंतर किती घटलं ते पट्टीनं मोजा. जुना जितका दबतो तितकाच नवा दबला पाहिजे. नवा फारच कमी दबत असेल तर तो बॅटच्या टोकाला लागल्यावर हाताला झिणझिण्या आणेल आणि टेनिस बॉलसाठीच्या हलक्या बॅटा लवकर तडकतील.

लव हा भाग आपल्या मातीमुळे वेगळा ठरतो. मुरमाच्या मैदानावर पातळ लव काही ओव्हरमध्येच झडते आणि बॉल टकला होतो. मग स्पिनरच्या बोटांना पकड राहत नाही. काळ्या मातीत लव झडते कमी, पण धूळ आत बसते. सिमेंटच्या पट्टीवर मॅट टाकून खेळत असाल तर जाड लवेचा, किंचित कमी टप्प्याचा बॉल घ्या. तिथं कडक बॉल हेल्मेटशिवाय खेळणं मूर्खपणा आहे. रात्रीच्या सामन्यात दव पडतं, विशेषतः जायकवाडीच्या कालव्याकडच्या भिजलेल्या रानांलगत, आणि लव ते पाणी पिते. म्हणून नवा बॉल दहा मिनिटं ओल्या गवतावर लोळवून पुन्हा तोला. फार पाणी धरणारा बॉल हिवाळ्यातल्या रात्रीच्या टुर्नामेंटला नको.

घेण्याआधी दुकानातच तीन गोष्टी पाहून घ्या. लवेच्या दोन पट्ट्या जिथं जुळतात त्या शिवणीत नख घाला. कड उचलली गेली तर ती पट्टी मैदानावर सुटणारच. मग बॉल कानाशी धरून दाबा. आतलं रबर दोन अर्धगोल चिकटवून केलेलं असतं आणि फुटतो तो बहुधा त्याच सांध्यावर. हवा फुसफुसली तर परत ठेवा. शेवटी तो शहाबादी फरशीवर हळू सोडा. डुलत, वळत गेला तर गोल नाही. संभाजीनगरच्या गुलमंडीवर असो की लातूरच्या गंजगोलाईत, चांगला दुकानदार एवढं करू देतो. जो करू देत नाही त्याच्याकडून सहाचा डबा घेऊ नये.

आता पर्याय. विकी, निव्हिया, कॉस्को ही नावं दुकानात सहज दिसतात, पण नाव बघून थांबू नका. एकाच कंपनीचे लाइट आणि हेवी असे वेगळे बॉल मिळतात आणि डबे सारखे दिसतात. हेवीच्या जागी लाइट घेऊन त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळणं हा गल्लीतला लोकप्रिय जुगाड आहे. आमचा त्याला विरोध आहे. वजन थोडं वाढतं, पण लव झाकली जाते, पृष्ठभाग गुळगुळीत होतो, बॉल हवेतून वेगळा जातो आणि टप्प्याचा अंदाज नव्यानं बांधावा लागतो. शिवाय अनेक आयोजक टेप लावलेला बॉल घेतच नाहीत. लॉन टेनिसचा बॉल तर नकोच. तो आतल्या हवेच्या दाबावर उसळतो आणि डबा उघडल्यापासून तो दाब हळूहळू गळत जातो. साच्यातली शिवण असलेला प्लॅस्टिकचा बॉल लहान मुलांच्या सरावाला ठीक, पण तो हेवीची जागा घेत नाही.

चाचणीत उतरलेल्याचा आधी एकच डबा घ्या. दोन वेगवान आणि एक स्पिनर अशा तिघांना प्रत्येकी चार ओव्हर द्या, त्याही सामना होणार असेल त्याच पट्टीवर. लाइटवरून हेवीवर येणाऱ्या बोलरनं पहिला आठवडा अर्ध्याच ओव्हर टाकाव्यात, नाहीतर खांदा आणि कोपर धरतं. ओव्हर संपल्यावर बॉल पुन्हा तोला, पुन्हा २५४ सेंटीमीटरवरून सोडा. टप्पा टिकला असेल तर हंगामाला लागतील तेवढे डबे एकाच खेपेत, एकाच बॅचचे घ्या. बॅच नंबर छापलेला नसेल तर प्रत्येक डब्यातला एकेक बॉल तोलून मगच पैसे द्या.